मुंबई ते सॅन फ्रान्सिस्को: अंतर एकच, मग वेळा इतक्या वेगवेगळ्या का?

बोरीबंदर

मुंबई–सॅन फ्रान्सिस्को अंतर कुठेही शोधलं की १३,५०० किमीच्या आसपासचा आकडा येतो. विमानाचा वेग ताशी ९०० धरला तर बरोबर १५ तास. इथवर ठीक. पण तिकिटं बघायला बसलं की गोंधळ सुरू होतो.

१. थेट विमान असो वा एक थांबा, जाताना आणि येताना लागणारा वेळ वेगळा का?
२. दुबई पश्चिमेला, हाँगकाँग पूर्वेला, फ्रँकफुर्ट वायव्येला. सगळीकडून सॅन फ्रान्सिस्कोला जाता येतं आणि एकूण वेळही फार लांबचा नाही. हे कसं?
३. जाताना निघायची आणि पोचायची तारीख एकच. येताना कॅलेंडरवरचे दोन दिवस जातात.

सत्तरीच्या पुढच्या प्रवाशांसाठी मार्ग निवडायचा आहे, म्हणून नुसतं "स्वस्त ते घ्या" नको. जाणकारांनी कृपया फोड करून सांगावं.

नकाशेवाली

दुसऱ्या प्रश्नापासून सुरू करते, बाकीचे त्यातूनच सुटतात.

भिंतीवरचा नकाशा विसरा. घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर तो घ्या आणि शिवणाचा दोरा घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर बोटाने दाबा, दुसरं सॅन फ्रान्सिस्कोवर, आणि दोरा ताणा. सैल असताना तो पॅसिफिकवर लोळत असतो. ताणला की सरकत सरकत वर जातो आणि दिल्लीच्या बाजूने, हिमालय ओलांडून, सायबेरियावरून, आर्क्टिक समुद्राला शिवून अलास्कावरून खाली उतरतो. ३० सेंमी व्यासाच्या गोलावर १ सेंमी म्हणजे साधारण ४२५ किमी. दोरा ३२ सेंमीच्या जवळपास भरेल. झालं तुमचं अंतर.

आकड्यांत हवं असेल तर एक्सेलमध्येही जमतं. मुंबई विमानतळ १९.०९ उत्तर, ७२.८७ पूर्व. सॅन फ्रान्सिस्को ३७.६२ उत्तर, १२२.३८ पश्चिम. रेखांशांची बेरीज १९५.२५, म्हणजे दुसऱ्या बाजूने १६४.७५ अंश. आता दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार (०.३२७ × ०.६१० = ०.२००) अधिक दोन्ही कोसाइन आणि रेखांश-फरकाचा कोसाइन यांचा गुणाकार (०.९४५ × ०.७९२ × −०.९६५ = −०.७२२). बेरीज −०.५२२. हा ज्या कोनाचा कोसाइन तो कोन १२१.५ अंश. एका अंशाला १११.२ किमी, म्हणून साधारण १३,५१० किमी. पृथ्वी चेंडूसारखी पूर्ण गोल नाही, त्यामुळे वेगवेगळ्या साइटवर थोडाफार फरक दिसतो, तो सोडून द्या. एक्सेलमध्ये लोक हमखास चुकतात ते अंशांचे रेडियन (एक्सेल कोन ज्या एककात मोजतं ते) न केल्यामुळे. उत्तर भलतंच आलं तर आधी तेच तपासा.

हा दोरा मुंबईतून निघताना उत्तरेपासून पूर्वेला फक्त १४ अंश कललेला असतो आणि सर्वांत वर साडेशहात्तर अंश उत्तर अक्षांशापर्यंत जातो. म्हणजे सॅन फ्रान्सिस्को मुंबईच्या "पूर्वेला" की "पश्चिमेला" हा प्रश्नच चुकीचा, ते जवळजवळ उत्तरेला आहे. उत्तरेकडचं कुठलंही शहर फार वळसा न पडता मधला थांबा होऊ शकतं, ते यामुळेच.

टिळक_रोड

म्हणजे दिल्लीला उतरून जाणं हा वळसा नाही? आम्ही तर उगाच उलटं जावं लागतं म्हणून नाकं मुरडायचो.

नकाशेवाली

अजिबात नाही. मुंबई–दिल्ली ११३८ आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को साधारण १२,३८०. बेरीज १३,५१८. थेट अंतरापेक्षा जेमतेम दहा किलोमीटर जास्त! वाया जातो तो वेळ थांब्यात. अंतरात काही जात नाही.

गंमत दुबईची बघा. दुबई ५५.४ पूर्व आणि सॅन फ्रान्सिस्को १२२.४ पश्चिम, बेरीज १७७.८. म्हणजे दोन्ही शहरं जवळजवळ समोरासमोरच्या रेखावृत्तांवर. तिथला दोरा उत्तर ध्रुवाला दोन अंशांच्या आत खेटून जातो.

रात्रपाळी

दोरा बरोबर आहे, पण विमान दोऱ्यावरून जात नाही. कुठल्याही विमान कंपनीचा डिस्पॅच विभाग रोज नवा मार्ग आखतो. त्यात तीन गोष्टी आडव्या येतात.

पहिली, डोंगर. मुंबईहून निघालेला दोरा तिबेटच्या पठारावरून जातो. इंजिन बंद पडण्यापेक्षा तिथे जास्त काळजी केबिनमधला हवेचा दाब गेला तर, याची असते. अशा वेळी वैमानिकाला झपाट्याने १०,००० फुटांपर्यंत खाली यावं लागतं. डोक्यावरून लोंबणाऱ्या मास्कमधला ऑक्सिजन बहुतेक विमानांत रासायनिक डब्यातून येतो आणि तो १२ ते २२ मिनिटंच पुरतो. खाली पठारच साडेचार हजार मीटर, म्हणजे पंधरा हजार फुटांच्या जवळपास. मग उतरणार कुठे? म्हणून नेहमीचे मार्ग या भागाला पश्चिमेकडून किंवा पूर्वेकडून बगल देतात.

दुसरी, बंद आकाश. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं हवाई क्षेत्र बंद केलं. तिबेटच्या पश्चिमेची वाट तिथूनच जाते, त्यामुळे दिल्लीहून निघणाऱ्यांना आधी खाली अरबी समुद्राकडे यावं लागलं. अमेरिकेच्या काही उड्डाणांना व्हिएन्ना किंवा कोपनहेगनला इंधनासाठी थांबे द्यावे लागले. मुंबईहून युरोपकडे जाणारी विमानं तशीही बरीचशी समुद्रावरून निघतात, त्यांना फटका कमी. दुसरीकडे फेब्रुवारी–मार्च २०२२ पासून रशियाचं आकाश अमेरिकी आणि युरोपीय कंपन्यांना बंद आहे, भारतीय आणि आखाती कंपन्यांना नाही. अमेरिकी कंपनीचं दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को थेट विमान थांबलं ते त्यामुळेच. म्हणून "अंतर इतकं तर वेळ इतका" हे कंपनीचा झेंडा कुठला ते बघितल्याशिवाय सांगता येत नाही.

तिसरी, वारा. त्यावर स्वतंत्र लिहितो.

रात्रपाळी

तर वारा.

साधारण ३० ते ४५ अंश अक्षांशांत, दहा-बारा किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जेट प्रवाह वाहतो. जपानच्या आसपास हिवाळ्यात तो सर्वांत जोरदार, ताशी ३०० किमीच्याही वर जातो. बोइंग ७७७ किंवा ७८७ जातीचं विमान मॅक ०.८४ – ०.८५ ने (आवाजाच्या वेगाच्या ०.८४ – ०.८५ पट) जातं, म्हणजे त्या उंचीवरच्या हवेत ताशी सुमारे ९०० किमी. पाठीमागून वारा असेल तर तो जमिनीवरच्या वेगात मिळवायचा, समोरून असेल तर वजा करायचा. पडद्यावर कधी ११०० दिसलं तर विमानाने आवाजाचा वेग ओलांडला असं समजू नका. हवेच्या तुलनेत ते ९०० नेच चाललंय.

आता मुंबईहून म्यानमार, चीन, जपान, पॅसिफिक असा मार्ग घ्या. टोकियोवरून मोजलं तर ६,७३३ + ८,२८६, म्हणजे साधारण १५,००० किमी. दोऱ्यापेक्षा १,५०० किमी जास्त. पण सरासरी ९० किमीचा वारा पाठीशी मिळाला तर वेग ९९० होतो आणि वेळ १५ तास १० मिनिटं. वारा नसताना दोऱ्यावरून जायला १५ तास. लांबचा रस्ता आणि जवळचा रस्ता यांत दहाच मिनिटांचा फरक, आणि वाटेत डोंगर नाही की पाकिस्तान नाही.

हेच विमान त्याच मार्गाने परत आणलं तर ९०० उणे ९०, वेग ८१०, वेळ साडेअठरा तास. म्हणून येताना ते प्रवाहाच्या उत्तरेला सरकतं. एअर इंडियाने ऑक्टोबर २०१६ मध्ये दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेलं तेव्हा मार्ग सुमारे १,४०० किमीने लांबून १५,३०० किमी झाला, आणि विमान साडेचौदा तासांत पोचलं.

चिवडा_प्लेट

मला वाटायचं पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते, त्यामुळे पश्चिमेला जाताना शहर आपणहून जवळ येतं. मग उलट का?

नकाशेवाली

हवाही पृथ्वीबरोबरच फिरते ना! मुंबईची जमीन ताशी जवळपास १,५८० किमीने पूर्वेला पळतेय. हवा जागेवर उभी असती तर मरीन ड्राइव्हवर कायम तेवढ्या वेगाचं वादळ असतं. फिरण्याचा परिणाम होतो तो आडून: तापमानातला फरक आणि पृथ्वीचं फिरणं मिळून जेट प्रवाह पूर्वेकडे वळतो. विमानाला भेटतो तो हा वारा.

आणखी एक. जाताना जितकं कमावलं तितकंच येताना गमावलं, असंही होत नाही. १३,५०० किमी, वारा १००. जाताना १००० च्या वेगाने १३ तास ३० मिनिटं, येताना ८०० च्या वेगाने १६ तास ५२ मिनिटं. बेरीज ३० तास २२. वारा नसता तर ३० तास. उलट वाऱ्यात विमान जास्त वेळ राहतं, म्हणून २२ मिनिटं खिशातून जातात.

डिंकाचे_लाडू

इंधनाचं कुणी बोललं नाही. ७७७-२००एलआर जातीच्या विमानात, जादा टाक्या नसताना, सुमारे १ लाख ८१ हजार लिटर इंधन मावतं. लिटरला ०.८ किलो धरा, म्हणजे १४५ टन. उड्डाणाचं कमाल वजन ३४७ टन. म्हणजे टाक्या काठोकाठ भरल्या तर वजनातला चाळीस टक्क्यांहून जास्त भाग नुसतं इंधन!

मेख अशी की इंधन वाहायलाही इंधन लागतं. ढोबळ हिशेब, जादा वजनाच्या तीन ते चार टक्के दर तासाला. एक टन जास्त भरलं तर पंधरा तासांत त्यातलं जवळपास निम्मं स्वतःला वाहण्यातच जळतं. त्यामुळे वारा प्रतिकूल असला की कंपनी आधी माल कमी करते आणि तरी जमत नसेल तर काही खुर्च्या रिकाम्या ठेवते. अतिलांब मार्गांवर "विमानात जागा दिसत होती तरी तिकीट मिळालं नाही" याचं एक कारण हे. सिंगापूर–न्यूयॉर्क मार्गावरच्या खास एअरबस ए३५० मध्ये तर मुळात १६१ च खुर्च्या बसवल्यात, साधा इकॉनॉमी वर्गच नाही.

त्यात मे महिन्यातली मुंबई. हवा गरम म्हणजे विरळ, पंखांना उचल कमी, इंजिनाचा जोरही कमी. लांबची उड्डाणं रात्री-पहाटे सुटायला हे एक कारण, आणि दुसरं म्हणजे पुढच्या विमानतळावरची जोडणी.

रात्रपाळी

+१. उत्तरेच्या मार्गावर थंडीही आहे. जेट ए-१ इंधन −४७ अंशांना गोठू लागतं, अमेरिकेत भरलेलं जेट ए −४० लाच. म्हणजे परतीच्या प्रवासात मर्यादा सात अंशांनी आधी येते. टाकीतलं तापमान मर्यादेच्या तीन अंश जवळ आलं की वैमानिक उबदार थरात खाली उतरतात किंवा वेग किंचित वाढवतात. दोन्हीत इंधन जास्त जळतं.

आणि वाटेत उतरायची वेळ आली तर? ६ जून २०२३ ला दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान एका इंजिनाच्या बिघाडामुळे रशियाच्या अतिपूर्वेला मागादानला उतरवलं. २१६ प्रवासी होते, आणि त्यांना पुढे न्यायला मुंबईहून दुसरं विमान पाठवावं लागलं. दोन इंजिनांच्या विमानाचा मार्ग आखताना "एका इंजिनावर इतक्या मिनिटांत पोचता येईल असा विमानतळ सतत हाताशी" ही अट असते. मागादानसारखी नावं यादीत असतात ती त्यासाठी. तिथे धावपट्टी मिळते, हॉटेलच्या खोल्या मिळतीलच असं नाही. गोळ्या हातातल्या पिशवीत ठेवा असं सांगतात ते उगाच नाही.

बोरीबंदर

भन्नाट माहिती. आता थांब्यांचे आकडे कुणी एकत्र देईल का?

नकाशेवाली

सगळी दोऱ्याची अंतरं, मुंबईपासून:

दुबईमार्गे १,९२७ + १३,०२०, साधारण १४,९५०
हाँगकाँगमार्गे ४,२७२ + ११,१२७, साधारण १५,४००
फ्रँकफुर्टमार्गे ६,५६९ + ९,१४९, साधारण १५,७००
सिंगापूरमार्गे ३,९२१ + १३,५८०, साधारण १७,५००

डिंकाचे_लाडू

अंतराने निवड करू नका. ज्येष्ठांसाठी बघायचं ते तुकडे कसे पडतात. दुबईमार्गे पहिला टप्पा तीन तासांचा आणि दुसरा सलग सोळाच्या आसपास. म्हणजे थेट विमानाचा त्रास तेवढाच, वर एक थांबा. फ्रँकफुर्टमार्गे साधारण नऊ आणि साडेअकरा, पाय मोकळे करायला मधोमध जागा. गुडघे दुखत असतील तर माझं मत फ्रँकफुर्ट किंवा हाँगकाँग. चालायला त्रास नाही, पण विमान बदलायची धास्ती आहे, तर थेट विमान मिळत असल्यास ते.

थांब्याच्या विमानतळाला ट्रान्झिट व्हिसा लागतो का, ते तिकीट काढण्याआधी बघा. नियम बदलतात, आणि पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा आहे की नाही यावर उत्तर बदलू शकतं.

थांबा किती? दीड तासाची जोडणी साइट विकते, पण व्हीलचेअर असेल तर ती नको. व्हीलचेअरवाल्यांना विमानातून शेवटी उतरवतात आणि टर्मिनल बदलायला गाडीची वाट बघावी लागते. अडीच ते तीन तास धरा. अमेरिकेतल्याच न्यूयॉर्क किंवा शिकागोला उतरून पुढे जाणार असाल तर तीनाच्या खाली जाऊच नका: पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन, मग पट्ट्यावरून बॅगा स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या आणि पुन्हा बॅगेज काउंटरवर द्यायच्या. मुंबईत बॅगेला शेवटच्या शहराचा टॅग लागला असला तरी हे करावंच लागतं. बॅग आपोआप जाईल म्हणून लोक तशीच सोडून पुढच्या गेटवर पोचतात, आणि बॅग मागे राहते.

दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर (बुकिंग क्रमांकावर) हवेत. वेगवेगळी तिकिटं दोन-पाच हजारांनी स्वस्त पडतात, पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी ओळखही दाखवत नाही. दिल्लीमार्गे डिसेंबर–जानेवारीत जायचं तर पहाटेची जोडणी टाळा. धुकं.

टिळक_रोड

आणि पुणेकरांनी प्रवासाचा वेळ मोजताना घाट मोजावा. सुटायच्या तीन तास आधी टर्मिनलवर, त्याआधी पुण्याहून चार तास, पावसाळ्यात किंवा रविवारी संध्याकाळी पाच-सहा. एक-थांबा प्रवास तिकिटावर बावीस-चोवीस तासांचा असतो, तो घराच्या दारापासून दारापर्यंत तीस-बत्तीस होतो.

नकाशेवाली

राहिला तारखांचा प्रश्न. एकच नियम: आधी दोन्ही वेळा एका शहराच्या घड्याळात आणा, मग वजाबाकी करा.

सॅन फ्रान्सिस्को भारताच्या मागे, हिवाळ्यात साडेतेरा तास, उन्हाळ्यात साडेबारा. घड्याळ बदलतं मार्चच्या दुसऱ्या रविवारी आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी, पहाटे दोनला. भारतात काहीच बदलत नाही, म्हणून त्या आठवड्यात "विमान तासभर पुढे ढकललं का" असे फोन येतात.

समजा उन्हाळ्यात रविवारी दुपारी ४ ला मुंबईहून निघालात. तेव्हा तिकडे रविवारच्याच पहाटेचे ३:३०. साडेपंधरा तास मिळवा, रविवार संध्याकाळचे ७. दुपारी चारला निघून त्याच दिवशी सातला पोचलात, म्हणून तारीख एकच.

येताना रविवारी रात्री ९ ला निघालात, तेव्हा मुंबईत सोमवार सकाळचे ९:३०. साडेसोळा तास मिळवले की मंगळवार पहाटेचे २. सोमवार गेला कुठे, तर विमानातच.

आणखी, वेळापत्रकातला वेळ गेट ते गेट असतो. हवेतला वेळ त्यापेक्षा वीस ते चाळीस मिनिटं कमी. "विमान अर्धा तास आधी पोचलं" यात पुष्कळदा ही आधीच धरलेली सवलत असते.

चिवडा_प्लेट

रक्तदाबाच्या वगैरे गोळ्या कुठल्या घड्याळाने घ्यायच्या?

डिंकाचे_लाडू

घड्याळाने मोजू नका, शेवटच्या गोळीपासून किती तास झाले ते मोजा. साडेबारा तासांचा फरक म्हणजे सकाळची गोळी तिकडे रात्रीची होते. इन्सुलिन असेल तर वेळापत्रक डॉक्टरांकडून आधी लिहूनच घ्या, इथल्या प्रतिसादांवर विसंबू नका. मूळ प्रिस्क्रिप्शन आणि औषधं मूळ पाकिटात, प्रवासाच्या दिवसांपेक्षा आठवडाभर जास्त, हातातल्या पिशवीत. दर दोन तासांनी उठून एक फेरी, आणि जागा आइलची. खिडकीच्या सीटवर बसलेली ज्येष्ठ मंडळी शेजाऱ्याला उठवायचं नको म्हणून पाणीच पीत नाहीत.

रात्रपाळी

शेवटचं आणि सर्वांत महागात पडणारं. मुंबईची बरीच लांबची उड्डाणं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर "१२ तारीख, ०१:४५" असेल तर घरून निघायचं ते ११ तारखेच्या संध्याकाळी. १२ च्या रात्री बॅगा घेऊन पोचलेल्यांचं विमान वीस तासांपूर्वी गेलेलं असतं आणि तिकिटावर "नो शो" (प्रवासी आलाच नाही) असा शेरा लागलेला असतो. बहुतेक भाड्यांत मग परतीचा टप्पाही आपोआप रद्द होतो. टॅक्सी सांगताना तारखेऐवजी "गुरुवारची रात्र उलटून शुक्रवारची पहाट" असं सांगा, आणि ड्रायव्हरकडून तेच परत म्हणवून घ्या.